सहा हजार वर्षं की 454 कोटी? श्रद्धा, खडक आणि संशोधकाची वही

पेटची तयारी करणाऱ्या गोंडपिपरीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं: "घरी बायबल वाचतात. तिथे जग सहा हजार वर्षांचं आहे असं शिकवलं. एमएस्सीला भूशास्त्र घेतलं, तिथे पृथ्वी 454 कोटी वर्षांची. पुढे पीएचडी करायची तर घरी खोटं बोलायचं की गाइडसमोर?"

माझ्या मते खोटं कुठेच बोलावं लागत नाही. पण "दोन्ही आपापल्या जागी बरोबर" असं म्हणून प्रश्न गुंडाळणंही बरं नाही. दोन आकड्यांत लाखो पटींचा फरक आहे. म्हणून आधी हे आकडे आले कुठून ते बघू.

सहा हजार हा आकडा कोणाचा?

बायबलमध्ये पृथ्वीचं वय कुठेही लिहिलेलं नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळ्यांतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून हिशेब मांडला. 1650 मध्ये तो छापला आणि निर्मितीचं साल काढलं इ.स.पू. 4004. त्यांच्या काळाच्या मानाने ते काम कष्टाचं होतं. पण तो ग्रंथावरून माणसाने काढलेला निष्कर्ष आहे, मूळ वचन नाही. संशोधनातला पहिला धडा हाच: मूळ मजकूर वेगळा, त्याचा लावलेला अर्थ वेगळा.

नागपूरचे पाद्री आणि मांगलीचं डोकं

हा पेच आपल्या भागात नवा नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचं काम, पण फिरताना ते खडकही तपासायचे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे त्यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये तिचं वर्णन करून नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स.

टाकळीला त्यांनी आणखी बोलकी गोष्ट पाहिली. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात जीव वाढले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. एका महापुरात हे सगळं कसं बसवणार? अजून वयाचा आकडा नव्हता, पण काळ भरपूर गेलाय हे थरांवरून कळत होतं.

हिस्लॉप यांच्या चर्चला हे अडचणीचं वाटायला हवं होतं ना? पण फ्री चर्चचे पहिले मॉडरेटर थॉमस चाल्मर्स यांनी 1814 च्या सुमारासच एक वाट सुचवली होती: उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या दोन वचनांमध्ये कितीही मोठा काळ गेला असू शकतो. डार्विनचं पुस्तक आलं 1859 मध्ये. म्हणजे खडकांचा लांब काळ मान्य करणं हा चर्चवर बाहेरून झालेला हल्ला नव्हता, चर्चच्या आतलीच माणसं तो मान्य करत होती.

आकडा येतो कसा?

"कार्बन डेटिंग चुकतं" हा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. बल्लारपूर-सास्तीच्या कोळशाचं वय कार्बन-14 ने कोणी काढतच नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे 5730 वर्षं. दहा अर्धायुष्यांत, म्हणजे 57,300 वर्षांत, हजारातला एक भागही उरत नाही. जुन्या खडकांसाठी घड्याळही संथ लागतं.

असं एक घड्याळ झिरकॉनच्या स्फटिकात असतं. स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेत नाही. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षं, युरेनियम-235 चं सुमारे 70 कोटी. दोन्हींचं शेवटी वेगवेगळ्या वस्तुमानाचं शिसं होतं. म्हणजे एका स्फटिकात दोन स्वतंत्र घड्याळं. दोघांनी एकच वय सांगितलं तर विश्वास वाढतो. जुळलं नाही तर स्फटिकातून शिसं निसटलंय असा संशय घेतात. पद्धत स्वतःची चूक पकडू शकते, हे तिचं बळ. 1956 मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय सुमारे 455 कोटी काढलं. आजचा आकडा 454 कोटी.

"पूर्वी क्षय जोरात झाला असेल" असंही म्हणतात. तसं असतं तर कोट्यवधी वर्षांची उष्णता काही हजार वर्षांत बाहेर पडून पृथ्वी वितळली असती. तरुण पृथ्वी मानणाऱ्या संशोधकांच्याच रेट प्रकल्पाने 2005 मध्ये ही उष्णतेची अडचण सुटलेली नाही असं मान्य केलं. त्यांनी ते लिहिलं याबद्दल आदर, पण निष्कर्ष आपण काढायचा.

आणि आकाश? गोंडपिपरीच्या अंधाऱ्या रात्री देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसते. तिचा आज पोचलेला प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

समेटाच्या वाटा

पहिली वाट चाल्मर्स यांची, मधल्या काळाची. दुसरी, उत्पत्तीतला "दिवस" म्हणजे मोठं युग. दोन्ही ग्रंथाच्या अर्थाबद्दल आहेत, त्यांवर वाद धर्मपंडितांत होईल. खडकाच्या वयाला त्या हात लावत नाहीत.

तिसरी वाट 1857 मध्ये फिलिप गॉस यांनी मांडली: देवाने जग जुनं दिसेल असंच घडवलं, जीवाश्मांसकट. ही खोडता येत नाही, आणि तोच तिचा दोष. जग काल दुपारी घडलं असंही याच युक्तिवादाने म्हणता येतं. ज्या विधानाला कुठलंच निरीक्षण खोटं पाडू शकत नाही, ते तुमच्या प्रबंधात गृहीतक म्हणून चालत नाही.

आपल्या बाजूचा सापळा

आता "हे ख्रिश्चनांचं भांडण" म्हणून हसू नका. "ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, म्हणजे आपल्याला आधीच माहीत होतं" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. पण त्याच परंपरेच्या हिशेबाने चालू कल्पाची सुमारे 197 कोटी वर्षंच झाली आहेत. जुळणारा आकडा उचलायचा आणि न जुळणारा सोडायचा, हे संशोधन नव्हे. महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. पोपनी 1951 मध्ये त्या सिद्धांतात निर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. उद्या सिद्धांत बदलला तर श्रद्धेचं काय?

मग करायचं काय?

वहीत तीन रकाने पाडा: ग्रंथात काय लिहिलंय, त्याचा अर्थ कोणी कधी लावला, आणि खडकात काय मोजलं. एका रकान्यातलं वाक्य दुसऱ्यात जाऊ देऊ नका. व्हायवात तिसऱ्या रकान्यावर बोला आणि मोजमापातली अनिश्चितताही सांगा. घरी अशर यांची गोष्ट सांगा. "बायबल खोटं" असं म्हणायची गरज नाही, "हा आकडा बायबलचा नाही, एका माणसाच्या हिशेबाचा आहे" एवढं खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. घरचे लगेच पटवून घेतील असं नाही. पण तुम्हाला दोन तोंडांनी बोलावं लागणार नाही.

आणि जमलं तर सिरोंचाजवळच्या वडधमला जाऊन या. झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे आहेत. घरच्यांनाही सोबत न्या.