विहिरीचे पाणी निर्जंतुक कसे करावे

शहापूर व मुरबाड तालुक्यांत पाऊस विपुल पडतो. परंतु उताराच्या जमिनीखाली काळा कातळ असल्याने बरेचसे पाणी वाहून जाते. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईस मिळते. अनेक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर निर्वाह करावा लागतो. पहिल्या पावसाबरोबर भोवतालची घाण याच पाण्यात उतरते व हगवण, पटकी, विषमज्वर असे रोग उद्भवतात. म्हणून या दिवसांत पाण्याचे निर्जंतुकीकरण अगत्याचे होय.

प्रथम गोल विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरांत मोजावी. व्यासास व्यासाने, नंतर खोलीने व शेवटी ७८५ ने गुणिले असता पाणी किती लिटर आहे ते कळते. व्यास ४ मीटर व खोली २ मीटर असल्यास पाणी सुमारे २५,००० लिटर भरते. दर १,००० लिटरांस अडीच ग्रॅम याप्रमाणे त्यास सुमारे ६३ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग आणखी पाणी घालून ढवळावी. दहा मिनिटांनी वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी. खालचा चुना विहिरीत टाकू नये. निवळीची बादली दोराने पाण्यात बुडवून वरखाली हलवावी. त्यानंतर एक तासपर्यंत पाणी भरू नये. गढूळ पाण्यास हे प्रमाण अपुरे पडते. यास्तव तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून क्लोरीनची तपासणी करवून घ्यावी.

विहिरीस कठडा बांधावा आणि धुणी व गुरे दूर ठेवावीत. अन्यथा शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित होते.