भूमिगत शाहिरी : शीतल साठे व सचिन माळी यांची वाटचाल

हिपहॉपच्या परिभाषेत ‘भूमिगत’ हे विशेषण व्यावसायिक ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या गायकांना लावले जाते. शीतल साठे व सचिन माळी या शाहीर दांपत्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ च्या सुमारास उदयास आलेला तो प्रकार आणि मराठी जलसा यांच्यात वंशसंबंध नाही. तथापि तालावर बोलत गाणे आणि वस्तीचे गाऱ्हाणे वस्तीच्याच भाषेत मांडणे ही लकब दोहोंत दिसते. नवेगाव बांधसारख्या झाडीपट्टीतील गावास दंडार व खडी गंमत यांमुळे ती अपरिचित नाही.

गुजरातमधील २००२ च्या दंगलींनंतर पुण्यात स्थापन झालेल्या कबीर कला मंचातून हे दोघे पुढे आले. कासेवाडीच्या झोपडपट्टीत वाढलेल्या शीतल साठे यांचा पल्लेदार आवाज आणि सचिन माळी यांची कविता हे त्यांच्या सादरीकरणाचे बळ होते. तत्कालीन भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा निर्माण झाला; त्याच भंडाऱ्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी घडलेले हत्याकांड मंचाच्या गीतांचा विषय झाले.

२०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या काही कलावंतांना बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप होता. मंचाने तो नाकारला. साठे व माळी मात्र भूमिगत झाले. गायक अदृश्य आणि गाणे सर्वत्र, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली, कारण आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटातून त्यांचे गायन याच काळात दूरवर पोहोचत होते.

वादाचा खरा गाभा असा की, गीताचा आशय हा गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो काय? जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच खटल्यातील काही आरोपींना जामीन देताना, समाजातील अन्यायावर बोट ठेवणे व परिवर्तनाची गरज मांडणे हा बंदी घातलेल्या संघटनेच्या सदस्यत्वाचा पुरावा नव्हे, असे मत नोंदविले. पुढील प्रत्येक चर्चेत हेच मत प्रमाण मानावयास हवे होते. तसे नेहमी झाले नाही.

२ एप्रिल २०१३ रोजी हे दांपत्य मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. ही शरणागती नसून सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. गर्भवती असलेल्या साठे यांना जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. माळी यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनासाठी जानेवारी २०१७ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर दोघांनी ‘नवयान महाजलसा’ या नावाने फुले-आंबेडकरी परंपरेशी थेट नाते सांगणारे कार्यक्रम सुरू केले. मंचातील त्यांचे जुने सहकारी सागर गोरखे व रमेश गायचोर यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली.