बदलती रणभूमी : युद्धखेळांतील हवामान

बुद्धिबळाचा पट डाव सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बदलत नाही. चौसष्ट घरे आहेत तशीच राहतात; पावसाने एखादे घर बुडत नाही किंवा धुक्यामुळे उंट दिसेनासा होत नाही. प्रत्यक्ष युद्धभूमी मात्र सतत बदलत असते. हा बदल खेळात कसा आणावा, हा प्रश्न बराच जुना आहे. इ. स. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजासमोर राइसविट्स या अधिकाऱ्याने युद्धखेळाचे एक मेज मांडले. त्यावरील डोंगर, नद्या आणि गावे यांचे तुकडे सुटे असून हवे तसे मांडता येत. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने नकाशावर खेळण्याचे नियम तयार केले. त्यांत पंचाला फार महत्त्व होते. कोणत्या पक्षाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे पंच ठरवीत असे.

आज संगणकावर आणि मोबाइलवर अनेक खेळाडू एकाच वेळी जे गोळीबाराचे खेळ खेळतात, त्यांतही असा पंच असतो. दूरवर ठेवलेला मध्यवर्ती संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो खेळाची घड्याळे चालवतो. धुके केव्हा उतरले, वादळ केव्हा सुरू झाले, बांध केव्हा फुटला, हे तोच ठरवतो आणि सर्व खेळाडूंना एकाच क्षणी कळवतो. हा मध्यस्थ नसता, तर एकाच्या पडद्यावर पाऊस आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ऊन, असा प्रकार झाला असता.

हवामानाचा परिणाम मुख्यतः तीन गोष्टींवर होतो : दृष्टी, श्रवण आणि हालचाल. धुके पडले की दूरवरून नेम धरणाऱ्याचे सामर्थ्य कमी होते आणि जवळून लढणाऱ्याचे वाढते. पावसाच्या आवाजात पावलांची चाहूल लागत नाही. पाणी वाढले की रस्ते बंद होतात आणि नवे मार्ग खुले होतात. स्वीडनमधील डाइस या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बॅटलफील्ड ४’ या खेळात याची चांगली उदाहरणे आढळतात. त्यातील एका नकाशात बांध फुटून वस्तीत पाणी शिरते. मग रस्त्यांवर लढणाऱ्यांना छपरांचा आश्रय घ्यावा लागतो आणि मोटारींऐवजी होड्या उपयोगी पडतात. दुसऱ्या एका नकाशात आरंभी शांत असलेला समुद्र हळूहळू खवळतो. ‘पबजी’ या खेळात डिसेंबर २०१८ मध्ये बर्फाळ प्रदेशाचा एक नकाशा आला. तेथे बर्फावर पावलांचे आणि चाकांचे ठसे उमटतात; त्यामुळे पळणाऱ्याचा माग पाठलाग करणाऱ्याला आपोआप मिळतो. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या नकाशात इमारती खेळाच्या ओघात जमीनदोस्त होतात आणि काही वेळापूर्वीचा सुरक्षित आडोसा उरत नाही.

मात्र असा बदल न्याय्य ठेवणे रचनाकाराला सोपे नसते. गवताचे उदाहरण घेऊ. गवतात आडवा पडलेला खेळाडू स्वतःला लपलेला समजतो. परंतु संगणकावरील भार कमी करण्यासाठी दूरच्या अंतरावरील गवत पुष्कळदा चितारलेच जात नाही. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला तो उघड्या मैदानात पडलेला दिसतो. धुके आणि पाऊस यांच्या बाबतीतही हाच धोका असतो. महागड्या यंत्रावर दाट दिसणारे धुके साध्या यंत्रावर विरळ दिसले, तर साध्या यंत्राच्या मालकाला नकळत फायदा मिळतो. म्हणून ज्या हवामानाचा जयपराजयाशी संबंध आहे, ते सर्वांना सारखेच दिसले पाहिजे. शोभेपुरते असलेले हवामान यंत्रागणिक कमीजास्त असले तरी चालते.

दुसरी अट पूर्वसूचनेची आहे. पबजीमध्ये खेळाचे क्षेत्र क्रमाक्रमाने आकसत जाते; पण पुढचे वर्तुळ नकाशावर आधीच दाखवले जाते. ज्याने ते पाहिले तो वेळीच निघतो आणि ज्याने दुर्लक्ष केले तो अडकतो. अशा वेळी पराभूत खेळाडू दैवाला दोष देत नाही. आपण निघायला उशीर केला, हे त्याला उमगते.

रणभूमीतील बदल वेळेवर ओळखण्याचे महत्त्व किती मोठे असते, हे दिल्लीच्या परिसरातील इतिहासावरून दिसून येते. इ. स. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने दिल्ली घेतली. त्या वेळी पावसाळ्यामुळे यमुना दुथडी भरून वाहत होती. अहमदशहा अब्दाली पूर्वेकडील दोआबात होता आणि मधल्या पुरामुळे दोन्ही सैन्यांना एकमेकांवर चालून जाता येत नव्हते. ऑक्टोबरमध्ये भाऊंनी उत्तरेकडे जाऊन कुंजपुऱ्याचे ठाणे जिंकले. नदीपलीकडील अब्दालीला त्या ठाण्याच्या मदतीला जाता आले नाही. येथवर नदी ही मराठ्यांची तटबंदी होती. पण पावसाळा सरला होता आणि पाणी ओसरत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून नदी ओलांडली आणि मराठ्यांची फौज व दिल्ली यांच्या मध्ये तो येऊन बसला. त्याची काही माणसे प्रवाहात बुडाली. तरीही एका हालचालीने सारा नकाशा उलटला. दक्षिणेची वाट तुटली, रसद बंद पडत गेली आणि पानिपतच्या छावणीत माणसे व जनावरे उपाशी मरू लागली.

१४ जानेवारी १७६१ रोजी लढाईला तोंड लागले, तेव्हा मराठे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत होते. हिवाळ्यात या प्रदेशात सूर्य दक्षिणेच्या आकाशातून जातो आणि भर दुपारीही फारसा वर चढत नाही. दिवस वर येत गेला तसे ऊन मराठ्यांच्या तोंडावर आले. अर्धपोटी शिपायांना आणि थकलेल्या घोड्यांना हा भार अधिकच जाणवला असला पाहिजे. पराभवाची कारणे अनेक होती आणि त्यांत ऊन हे गौण होते. उपासमार मात्र गौण नव्हती, आणि तिचे मूळ ओसरत्या नदीपाशी होते.

एखाद्या रचनाकाराने दिल्लीच्या परिसराचा नकाशा करायचे ठरवले, तर ऋतूंचे भांडवल त्याच्या हाती आयतेच आहे. मे-जूनमधील धुळीची आंधी अचानक येते आणि काही काळ दृष्टी झाकून निघून जाते. डिसेंबर-जानेवारीतील धुके वारा पडलेल्या थंड रात्री जमिनीलगत साचते आणि ऊन चढल्यावर विरते. पावसाळ्यात यमुना आपले जुने पात्र पुन्हा व्यापते. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीतील जुन्या लोखंडी पुलापाशी तिची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. आंधी, धुके आणि पूर यांची चाल वेगवेगळी असल्याने खेळाडूकडून ती वेगवेगळ्या सावधपणाची अपेक्षा करतात. आंधीत आडोसा जवळ हवा, धुक्यात कान तीक्ष्ण हवेत, आणि पुरात उतार कोठे आहे हे आधीच ठाऊक हवे.

खेळातील हवामान आणि खरे हवामान यांत एक मोठा भेद आहे. खेळातला पंच दोन्ही पक्षांना सारखी सूचना देतो आणि हरलेला खेळाडू पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. पानिपतावर नदीचे पाणी उतरत असल्याचे भाऊंना कोणी नकाशावर वर्तुळ काढून दाखवले नाही, आणि तेथे पडलेल्यांना दुसरा डावही मिळाला नाही. तथापि जमीन स्थिर मानून तिच्यावर विसंबू नये, ही सवय दोन्ही ठिकाणी सारखीच उपयोगी पडते. उत्तम नकाशा खेळाडूला ही सवय लावतो. आपण उभे आहोत ती जागा थोड्या वेळाने कशी असेल, हा प्रश्न तो त्याला वारंवार विचारायला लावतो.