जिथे जन्म, तिथेच नोंद

मुलाचा जन्म ज्या हद्दीत होतो, तिथल्याच निबंधकाकडे त्याची नोंद करावी लागते. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मधली ही अट दवाखान्यात जन्मलेल्या मुलाच्या घरच्यांना जाणवतही नाही, कारण तिथे खबर देण्याचे काम दवाखान्याचे असते. घरी बाळंतपण झाले तर ते कुटुंबप्रमुखाकडे येते. अडचण होते ती ज्यांचे गाव एकीकडे आणि बाळंतपण दुसरीकडे, त्यांची. गाळप हंगामाच्या तोंडावर बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कोपी ही झोपडीच त्यांचे घर असते. तिथे जन्मलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर आईबापांबरोबर गावी परतते, पण गावच्या ग्रामपंचायतीला त्याची नोंद घेता येत नाही. ती कारखान्याजवळच्या ग्रामपंचायतीचीच.

कायदा करणाऱ्यांना फिरत्या आणि हंगामी जिण्याची कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. धावत्या वाहनात जन्म झाला तर पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यावी, असा नियम आहे. मळ्यांसाठी तर स्वतंत्र कलम आहे: मळ्यात मूल जन्मले की निबंधकाला कळवण्याची जबाबदारी मळ्याच्या अधीक्षकाची. कायद्यातली मळ्याची व्याख्या मात्र चहा, कॉफी, मिरी, रबर, वेलची आणि सिंकोना या पिकांची आणि किमान ४ हेक्टरांची आहे. राज्य सरकारला अधिसूचना काढून आणखी पिके त्यात घालता येतात. मूळ यादीत ऊस नाही. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, उचल मुकादमाच्या वहीत चोख लिहिलेली असते. त्याच टोळीत जन्मलेल्या मुलाची खबर देणे हे मात्र कायद्याने त्याचे काम नाही.

नोंदीसाठी मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून काम होते. ३० दिवसांपुढे आणि वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की निबंधकाच्या हातात काही राहत नाही. पूर्वी अशा प्रकरणात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. महाराष्ट्रात अर्जदाराची गाठ पडते ती तहसील कार्यालयाशी.

या अर्जाची सुरुवात एका नकारापासून होते. आधी जन्मगावच्या निबंधकाकडून नोंद सापडत नसल्याचा दाखला, म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र, आणावे लागते. सहा महिने जिथे कोपीत काढले त्या गावात, पुन्हा मजुरी बुडवून, फक्त ‘नाही’ लिहून आणायला जायचे. मग जन्माचा पुरावा. सगळ्यात उपयोगी पडते ते गरोदरपणातले माता-बाल संरक्षण कार्ड. आशा किंवा परिचारिकेने त्यावर बाळंतपणाची तारीख आणि लसींच्या नोंदी केलेल्या असतात. कार्ड पावसात भिजून गेले असेल तर अंगणवाडीच्या रजिस्टरचा उतारा. जानेवारी २०२५ मध्ये मालेगावातल्या संशयास्पद दाखल्यांच्या तक्रारींनंतर राज्य सरकारने उशिराच्या नोंदींचे काम थांबवले आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. जाहीर नोटीस, स्थानिक चौकशी, पोलिसांचा अभिप्राय असे टप्पे त्यात आले. खोट्या दाखल्यांना आळा हवाच. पण कागद जमवण्याची ताकद खोटा दाखला काढणाऱ्याकडे असते, कोपीत जन्मलेल्या मुलाच्या आईकडे नसते.

नोंद नाही म्हणून मुलाचा हक्क नाही, असे कायदा म्हणत नाही. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या ७ व्या अनुच्छेदानुसार जन्मताच नोंद होणे हा मुलाचा हक्क आहे. अविवाहित आईच्या मुलाचा दाखला वडिलांच्या नावाअभावी अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. शिक्षणहक्क कायद्याचे १४ वे कलमही तितकेच स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचे वयाविषयीचे निवेदन चालते.

मात्र प्रवेशाच्या वेळी तारीख तर लिहावीच लागते. ती कोणालाच ठाऊक नसेल तर मुख्याध्यापक बहुधा १ जून लिहितात. गावोगावच्या शाळांच्या दाखल्यांवर १ जूनच्या वाढदिवसांची गर्दी आहे ती त्यामुळेच. हा अंदाज पुढे पुरावा होतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार वय ठरवताना पहिला मान शाळेच्या किंवा दहावीच्या दाखल्याला, त्यानंतर ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या जन्मदाखल्याला आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीला. तपासणीतून वय अंदाजेच कळते. पळवून नेलेल्या किंवा लग्न लावून दिलेल्या मुलीच्या खटल्यात ती १७ ची की १८ ची, यावर सगळे अवलंबून असते. तिथे शाळेत घाईने लिहिलेली तारीख तिला वाचवते किंवा उघड्यावर टाकते.

नवा पेच २०२३ च्या दुरुस्तीचाच आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना, पारपत्र, विवाहनोंदणी आणि सरकारी नोकरी यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ जन्मदाखल्यानेच सिद्ध करायचे आहे, इतर कायद्यांत काहीही असले तरी. ही मुले आता अंगणवाडीच्या वयात आहेत आणि २०२९ पासून पहिलीच्या वर्गात येतील. एक कायदा दाखल्यावाचून अडवू नका म्हणतो, दुसरा दाखलाच दाखवा म्हणतो. हंगामात जन्मून नोंदीवाचून राहिलेले मूल शाळेच्या दारात उभे राहील तेव्हा मुख्याध्यापकाने यातला कोणता मानायचा, हे स्पष्ट करणारा आदेश त्याआधी त्याच्या टेबलावर असायला हवा.