टपालहंशील आणि वेष्टनखर्च : ऑनलाइन विक्रीतील न्याय्य आकारणी

पेठेत समोरासमोर होणाऱ्या विक्रीत वस्तूची किंमत एकच असते. दूरच्या ग्राहकाला विकलेल्या वस्तूला मात्र दोन किमती असतात : एक वस्तूची आणि दुसरी ती वस्तू त्याच्या दारी पोचविण्याची. पहिल्या किमतीविषयी अर्थशास्त्राने पुष्कळ विचार केला आहे. दुसरी किरकोळ समजली जाते, आणि किरकोळ समजली जाते म्हणूनच तीत बरेच काही लपविता येते. कोल्हापुरी चपला, गूळ, साज, मसाले या वस्तू आता इंटरनेटवरून देशभर विकल्या जातात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी घाटाची पादत्राणे मांडली व त्यावरून वाद उठला, तेव्हा या चपलांचे नाव तर पुन्हा सर्वतोमुखी झाले. अशा वेळी पाठवणीचा खर्च कोणी, किती व कोणत्या तत्त्वाने सोसावयाचा, हा प्रश्न या जिल्ह्यातील लहान उत्पादकाच्या दृष्टीने उपजीविकेचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न नवा नाही. जुन्या मराठी मासिकांतील पुस्तकांच्या व औषधांच्या जाहिरातींखाली ‘टपालखर्च निराळा’ ही ओळ हटकून असे. माल पोस्टमनच्या हाती पोचल्यावर पैसे देण्याची व्ही. पी. ची सोय टपाल खात्याने १८७७ मध्ये सुरू केली. आज ज्याला ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतात ती तिचीच धाकटी बहीण होय. किती टपालखर्च निराळा, हे मात्र जाहिरातीत क्वचितच लिहिलेले असे. तो आकडा ग्राहकाला पार्सल दारात आल्यावर कळे. दोष निराळा खर्च घेण्यात नव्हता, तो आधी न सांगण्यात होता. हा भेद पुढील विवेचनात वारंवार येईल.

न्याय्य आकार म्हणजे प्रत्यक्ष खर्चाएवढा आकार, असे उत्तर प्रथमदर्शनी सुचते. ते बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. कारण प्रत्यक्ष खर्च म्हणजे काय हेच आधी ठरवावे लागते. या बाबतीत रोलंड हिल याने १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेला युक्तिवाद आजही उद्बोधक आहे. पत्राचा खर्च अंतरावर फारसा अवलंबून नसतो, तो गोळा करणे, निवडणे व वाटणे या कामांवर असतो. म्हणून जवळच्या व दूरच्या पत्रास दर एकच असावा, असे त्याचे म्हणणे होते. १८४० मध्ये तेथे एक पेनीचे टपाल आले. हिंदुस्थानात १८५४ पासून अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र देशात कोठेही जाऊ लागले. त्या तत्त्वाचा अवशेष अद्याप टिकून आहे : ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या स्पीड पोस्टच्या दरपत्रकात ५० ग्रॅमपर्यंतच्या कागदपत्रांस स्थानिक दर १९ रुपये, आणि गावाबाहेर अंतर कितीही असो, ४७ रुपये, असा दर आहे, वर कर निराळा. वजन वाढले की अंतराचे टप्पे लागू होतात. म्हणजे हिलचा युक्तिवाद पत्राला लागू पडतो, गुळाच्या रव्याला नाही. जितका माल जड, तितका अंतराचा वाटा मोठा.

याच ठिकाणी कोल्हापूरचा माल अभ्यासाला फार सोयीचा आहे, कारण येथील तीन प्रसिद्ध वस्तू खर्चाची तीन भिन्न कारणे दाखवितात. गूळ जड व तुलनेने स्वस्त. पाच किलोचा रवा फारशी जागा व्यापीत नाही, परंतु वजनामुळे त्याची पाठवणी महाग पडते. दूरच्या राज्यात तो खर्च मालाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. साज हलका व मौल्यवान. त्याचे टपाल नगण्य, पण गहाळ होण्याची व मोडण्याची धास्ती मोठी. तेथे खरा खर्च विम्याचा, आणि तो किमतीच्या प्रमाणात वाढतो.

चपलेची गोष्ट तिसरीच. कुरिअर कंपन्या केवळ काट्यावरचे वजन पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात, त्यास बहुधा ५००० ने भागतात, आणि येणारे किलोग्रॅममधील ‘घनफळी वजन’ प्रत्यक्ष वजनाहून अधिक असेल तर त्यावर आकार घेतात. समजा, ८५० ग्रॅम वजनाचा जोड ३२, २२ व १२ सेंटिमीटरच्या खोक्यात घातला. घनफळी वजन १.६९ किलो होते, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी आकारणी असल्यास दोन किलोंचे पैसे पडतात. तोच जोड तळव्याला तळवा लावून ३०, १३ व ११ सेंटिमीटरच्या खोक्यात बसविला, तर घनफळी वजन ०.८६ किलो भरते व आकारणी एका किलोची होते. चप्पल तीच, अंतर तेच. वजनाचा टप्पा निम्म्यावर आला तो खोक्यामुळे. दुकानदार जोड उलटसुलट जुळवून कागदात गुंडाळतात, त्यात हीच हातोटी आहे.

वेष्टन आणि टपाल हे दोन स्वतंत्र खर्च नसून एकमेकांशी बांधलेले आहेत, हे या उदाहरणावरून दिसून येईल. वेष्टनावर दोन रुपये अधिक खर्चून टपालाचे तीस वाचत असतील तर विक्रेत्याने वेष्टनाचा खर्च मोकळेपणाने लावावा. ग्राहकाचे त्यात हितच आहे. उलट, निष्काळजी बांधणीमुळे वाढलेले हंशील ग्राहकाच्या माथी मारणे, पावती खरी असली तरी, न्याय्य म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष खर्च म्हणजे वाजवी काळजी घेतल्यावर येणारा खर्च, असा अर्थ घ्यावा लागतो.

वेष्टनखर्चात श्रमाचा अंतर्भाव करावा काय, यावर ग्राहक नेहमी कुरकुर करतात. खोका, चिकटपट्टी व बबल रॅप यांची किंमत त्यांना मान्य असते. बांधणाऱ्याची पंधरा मिनिटे मान्य नसतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही कुरकुर टिकणारी नाही. चपलेच्या धंद्यात कातडे कापणे, वेणी घालणे, शिवणे या कामांची वाटणी पुष्कळदा घरातल्या घरात असते, आणि पार्सल बांधून टपाल कचेरीत पोचविण्याचे काम त्यातच बिनमोल मिसळून जाते. मोठ्या कंपनीच्या गोदामातील बांधणाऱ्याला वेतन मिळते व ते किमतीत धरले जाते. कारागिराच्या घरातील श्रम मात्र हिशेबाबाहेर राहतात, आणि मग त्याचा माल ‘स्वस्त’ दिसतो. श्रम धरावेत; नफा मात्र धरू नये. नफ्याची जागा वस्तूच्या किमतीत आहे.

नफा पाठवणीच्या आकारात ढकलण्याचा मोह का होतो, याचे उत्तर संशोधनाने दिले आहे. मॉर्विट्झ, ग्रीनलीफ व जॉन्सन यांनी १९९८ मध्ये असे दाखविले की किंमत दोन भागांत सांगितली असता ग्राहकाच्या मनात राहणारी एकूण रक्कम खऱ्या रकमेहून कमी असते. हुसेन व मॉर्गन यांनी ईबेवरील लिलावांत प्रयोग करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : प्रारंभीची बोली कमी व पाठवणीचा आकार अधिक ठेवला असता पुष्कळदा विक्रेत्याच्या पदरात अधिक पैसा पडला. मोहाला आणखीही कारणे आहेत. स्वस्तापासून महागाकडे मांडलेल्या यादीत कमी किमतीचा माल वर येतो. बाजारमंचाचे कमिशन केवळ वस्तूच्या किमतीवर असेल तर तेवढी रक्कम वाचते. हीच पळवाट बंद करण्यासाठी ईबेने २०११ मध्ये अमेरिकेत पाठवणीच्या आकारावरही कमिशन घेण्यास प्रारंभ केला. तिसरे कारण अधिक बोचरे आहे. माल परत आल्यास किंमत परत करावी लागते, पाठवणीचा आकार पुष्कळदा परत करावा लागत नाही. त्यात नफा दडविलेला असेल तर न झालेल्या विक्रीवरही तो मिळतो.

कराच्या दृष्टीने मात्र या फोडणीचा उपयोग नाही. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १५ नुसार विक्रेत्याने आकारलेला वेष्टनादी आनुषंगिक खर्च मालाच्या करपात्र मूल्यातच धरला जातो.

कायद्याने मर्यादा दराला घातली नाही, प्रकटीकरणाला घातली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात व तिची फोडही दिली पाहिजे. पोचवणी, टपाल व हाताळणी यांचे आकार तीत स्पष्ट दिसले पाहिजेत. व्यवहाराच्या अखेरच्या पायरीवर आकार वाढवीत नेण्याच्या युक्तीला नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या रचनांत गणले. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये पैसे देण्याच्या खिडकीशी गेल्यावर पिशवीचे दाम मागण्याची पद्धत अनुचित ठरविली, तिच्यामागचे तत्त्वही हेच : निवड करण्यापूर्वी ग्राहकाला खर्च कळला पाहिजे.

कोल्हापुरातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. गुळाच्या सौद्यानंतर शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी ही अशाच फोडीचा दस्तऐवज आहे. बाजार नियंत्रित होण्यापूर्वी अडत, हमाली व तोलाई यांच्या जोडीने कडता, धर्मादाय अशी नाना नावांची वजावट शेतमालाच्या बाजारांत होत असे. १९२८ च्या शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली ती अशा प्रथांना आळा घालण्यासाठीही. मुंबई इलाख्यातील १९३९ चा व पुढे महाराष्ट्रातील १९६३ चा कायदा त्याच वाटेने आले. तेथे लुबाडला जाणारा विक्रेता होता, येथे ग्राहक आहे. परंतु दोन्हीकडे भावाविषयी घासाघीस होते आणि तोटा भावाबाहेरच्या रकान्यांत होतो.

आता सरासरीचा प्रश्न. प्रत्येक ग्राहकाकडून त्याच्या अंतरानुसार खर्च घेणे हिशेबाला चोख, पण लहान विक्रेत्याला जिकिरीचे. देशभर एकच दर ठेवणे सोपे, पण त्यात सांगलीचा ग्राहक गुवाहाटीच्या ग्राहकाचा खर्च सोसतो. हलक्या मालात हा भार क्षुल्लक असल्याने एकच दर चालेल. गुळासारख्या मालात राज्यातील, शेजारच्या राज्यांतील व दूरचा असे दोन-तीन टप्पे करणे इष्ट. ‘पोचवणी मोफत’ ही घोषणा म्हणजेही एकच दर, फक्त तो किमतीत मिसळलेला. तिला असत्य म्हणता येणार नाही. परंतु दोन जोड एकदम घेणाऱ्याला होणारी बचत तीत नाहीशी होते, आणि मोठ्या मंचांनी लावलेल्या या सवयीमुळे सव्वाशे रुपये उघडपणे मागणारा कारागीर लोभी दिसू लागतो, हा तिचा दुष्परिणाम आहे. पुस्तकांच्या बाबतीत दर समाजानेच अंशतः उचललेला असतो : मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत पात्र पुस्तकांच्या ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुडक्याला २० रुपये व पाच किलोला १०० रुपये असा मूळ दर ठेवण्यात आला. अशा सवलतीच्या दराने पुस्तक पाठवून कुरिअरचा आकार घेणाऱ्या विक्रेत्याने ती सवलत स्वतःच्या खिशात घातली, असेच म्हणावे लागेल.

सर्वांत अवघड भाग परत येणाऱ्या मालाचा. चपलेच्या मापात फरक निघतो, किंवा पैसे पोचल्यावर द्यावयाचे असल्याने ग्राहक दारातूनच नकार देतो. समजा, शंभर जोड पाठविले, प्रत्येकी जाण्याचा खर्च ९० रुपये, आणि वीस परत आले, तेही ९० रुपये प्रत्येकी देऊन. एकूण खर्च १०,८०० रुपये. तो ऐंशी यशस्वी विक्रींवर वाटला तर प्रत्येकी १३५ रुपये पडतात. हे जादा ४५ रुपये सर्वांवर सारखे लादले की आगाऊ पैसे भरणारा प्रामाणिक ग्राहक नकार देणाऱ्याचा दंड भरतो. ते मुळीच न लावल्यास कारागिराची मजुरी त्यात जाते. म्हणून पोचल्यावर पैसे देण्याच्या सोयीला निराळा, आधी सांगितलेला आकार असावा. वस्तू सदोष निघाल्यास परतीचा खर्च विक्रेत्याने सोसावा. आणि केवळ माप चुकले असल्यास जाण्याचा खर्च ग्राहकाचा व बदली जोड पाठविण्याचा विक्रेत्याचा, अशी वाटणी वाजवी वाटते. मापाचा वाद मात्र बराचसा टाळता येण्याजोगा आहे. हाताने केलेल्या चपलेला क्रमांकावरून माप सांगणे धोक्याचे असते. पाऊल कागदावर ठेवून त्याची लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये मागविणाऱ्या विक्रेत्याकडे परत येणारे जोड कमी होतील, आणि वरील हिशेबात वीसच्या जागी दहा जोड परत आले तरी प्रत्येक यशस्वी विक्रीवरचा खर्च १३५ वरून ११० रुपयांवर येतो.