आयरिसची मतपत्रिका

अमेरिकेत आयरिसच्या फुलांसाठी दोन मोठी मतदानं होतात, आणि त्यांचे कौल जुळतीलच असं नाही. एक मतदान परीक्षकांचं. अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० साली स्थापन झाली. तिचे परीक्षक रीतसर प्रशिक्षण घेतात, बागाबागांतून हिंडून नवी वाणं पाहतात आणि निवडक वाणांना पायरीपायरीनं वर नेतात. सर्वांत वरची पायरी डाइक्स मेडलची. विल्यम रिकॅटसन डाइक्स हे इंग्लंडमधले शाळामास्तर. आयरिसच्या प्रजातींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९१३ साली निघाला, आणि १९२५ मध्ये मोटार अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचं मेडल अमेरिकेत पहिल्यांदा १९२७ साली ‘सान फ्रान्सिस्को’ या वाणाला मिळालं. ते तयार करणारे विल्यम मोर तोवर हयात नव्हते.

दुसरं मतदान साध्या सभासदांचं. उंच ‘दाढीवाल्या’ आयरिसपैकी आपली आवडती कोणती, ते कळवायचं. (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो, तीच दाढी.) मतं मोजून शंभर वाणांची यादी सोसायटीच्या पत्रिकेत छापली जाते. मला ही यादी मेडलांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

ती फार सावकाश बदलते. १९७०च्या दशकात जांभळ्या काठाचं पांढरं ‘स्टेपिंग आउट’ वर्षानुवर्षं अग्रभागी होतं. पुढे बेन हेगर यांचं गुलाबी ‘बेव्हर्ली सिल्स’ आलं. न्यूयॉर्कच्या ऑपेरा गायिकेचं नाव त्याला दिलेलं. मग ऑरेगनच्या श्रायनर कुटुंबाचं ‘डस्की चॅलेंजर’, गडद, रेशमी जांभळं, बाजारात आलं १९८६ साली. या तिन्ही वाणांना डाइक्स मेडल मिळालं होतं, अनुक्रमे १९६८, १९८५ आणि १९९२ मध्ये. पण मेडल एकदाच मिळतं. यादीतली जागा दरवर्षी नव्यानं कमवावी लागते.

लोकांना नवं पाहायचंच नसतं, असा आरोप यावर होऊ शकतो. मला तो पटत नाही. आयरिस वाढतं जमिनीलगतच्या, आल्यासारख्या आडव्या गड्ड्यातून. तीन-चार वर्षांत गड्ड्यांची दाटी होते, ती उपटून वेगळी करावी लागते, आणि उरलेले गड्डे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले जातात. एक फूल टिकतं जेमतेम दोन-तीन दिवस, म्हणून दांड्यावर कळ्या किती यावर बहराचे दिवस ठरतात. ‘डस्की चॅलेंजर’ला कळ्या भरपूर येतात. जे वाण कुजलं नाही, थंडीत तगलं, दरवर्षी फुललं आणि वाटण्याइतकं वाढलं, त्याला मत पडतं. परीक्षकाच्या भेटीत हे सगळं दिसत नाही, मालकाला दिसतं.

(महाराष्ट्राच्या उबदार हिवाळ्यात या दाढीवाल्या वाणांना हवी तेवढी थंडी मिळत नाही. वसंतात काश्मीरला गेलेल्यांनी मात्र तिथल्या कबरस्तानांत फुललेले जांभळे-पांढरे आयरिस पाहिले असतील.)

तरी या लोकमताचा एक दोष मान्य केलाच पाहिजे. जे वाण हजारो अंगणांत पोहोचलेलंच नाही, त्याला मतं पडणार कुठून? मोठ्या रोपवाटिकेचा कॅटलॉग घरोघर जातो. चार वाफ्यांवर हौसेनं संकर करणाऱ्याचं उत्तम वाण त्याच्या गावाबाहेर कुणी पाहिलेलंही नसतं. याला मला ठाऊक असलेला सर्वांत सरळ उतारा फ्लॉरेन्सचा. पियाझाले मिकेलांजेलोजवळच्या बागेत जगभरातून आलेले गड्डे फक्त क्रमांकानं लावतात, निर्मात्याचं नाव झाकलेलं. झाडांना रुजायला अवधी मिळतो आणि मगच मे महिन्यात आंतरराष्ट्रीय परीक्षक वाफ्यांतून फिरतात.

अमेरिकन सोसायटीच्या वार्षिक अधिवेशनात आणखी एक मतदान होतं. तिथं मत देणारे सगळे पाहुणे. यजमान विभागातल्या निर्मात्यांच्या सर्वांत आवडलेल्या वाणाला प्रेसिडेंट्स कप, बाहेरच्या वाणाला फ्रँकलिन कुक कप. गड्डे आधीच पाठवून यजमानांच्या बागांत रुजवलेले असतात. माती सगळ्यांना तीच आणि हवामानही तेच, ही यातली न्याय्य बाजू. पण अधिवेशनाची तारीख आधीच ठरलेली असते. वसंत लवकर आला तर बहर ओसरून गेलेला असतो, उशिरा आला तर दांडे नुसत्या कळ्यांनी उभे. त्या दिवसांत जे फुललेलं नसेल, त्याला पाहुणे मत देणार तरी कसं?