बिल उशिरा निघते? आधी वेळेचा हिशेब मागा

ईदच्या गर्दीत गिऱ्हाईक गादीसमोर ताटकळते आणि संगणकावरून बिल निघत नाही, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कापड व्यापारी बांधवांना सांगायला नको. अशा वेळी नवा संगणक घेण्याचा सल्ला मिळतो. आम्हीही घेतला, पैसे गेले, उशीर तसाच राहिला.

दोष पुष्कळदा यंत्रात नसून प्रोग्राम डेटाबेसमधून माहिती कशी आणतो, त्यात असतो. ४० कलमांच्या बिलासाठी मुनीम प्रत्येक थानाचा भाव पाहायला वेगळा गोदामात गेला, तर ४० फेऱ्या होतात. यादी घेऊन गेला तर एकच. दुसरा दोष इंडेक्सचा. खतावणीला अनुक्रमणिका नसेल तर एका नावासाठी सारी पाने उलटावी लागतात, तसेच हे.

दोष कोणता, हे मोजून ठरवावे. या मोजणीला प्रोफायलिंग म्हणतात: फेऱ्या किती झाल्या आणि प्रत्येक फेरीस वेळ किती लागला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्यासाठी ‘स्लो क्वेरी लॉग’ ही नोंदवही आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि मर्यादा बदलली नाही तर १० सेकंदांहून जास्त लागलेली कामेच टिपते. छोट्या ४० फेऱ्या तिच्यातून निसटतात. म्हणून मर्यादा शून्यावर आणून एक बिल काढावे, नोंदी पाहाव्यात आणि मर्यादा पूर्ववत करावी.

प्रोग्राम करणाऱ्याकडून दुरुस्तीआधीचा व नंतरचा हिशेब लेखी घ्यावा. नव्या यंत्राचा विचार त्यानंतर.